मनाचा विसावा

दिवसभर मैदानावर खेळलेले मूल रात्री अंथरुणाला पाठ टेकताच झोपी जाते. उलट, भ्रमणध्वनीवर मित्रांशी तासन्‌तास गप्पा मारणारे मूल जागचे हलत नाही. तरी त्याचे डोके जड होते, डोळे चुरचुरतात आणि झोप दूर पळते. अंगाला श्रम नसताना हा शीण येतो कोठून?

प्रत्येक नवा संदेश मनाला आपल्याकडे ओढतो. हातातील काम सोडून तिकडे वळणे आणि पुन्हा मूळ कामावर येणे, यात मनाची शक्ती खर्च होते. पडद्याकडे एकटक पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते. त्यामुळे डोळे कोरडे पडतात. शिवाय, घरी आलेला पाहुणा केव्हातरी निरोप घेतो. भ्रमणध्वनीवरील गप्पांना मात्र शेवट नसतो. 'आपण उठलो, तर मागे काय बोलणे होईल?' या शंकेने मूल उठत नाही. म्हणूनच एकट्याने थांबणे कठीण जाते.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने यावर एक साधा उपाय योजिला. करोनाच्या साथीत शाळा बंद असताना अभ्यासासाठी मुलांच्या हाती भ्रमणध्वनी आले. शाळा उघडल्यावरही ते सुटेनात. तेव्हा ऑगस्ट २०२२ मध्ये ग्रामस्थांनी सभा भरवून ठरविले, की रोज सायंकाळी सात वाजता भोंगा वाजावा आणि साडेआठपर्यंत घरोघरचे दूरचित्रवाणी संच व भ्रमणध्वनी बंद असावेत. आरंभी काहींनी या कल्पनेची थट्टा केली. परंतु गावातील जाणत्या माणसांनी ती सर्वांना समजावून दिली. त्या दीड तासात मुले अभ्यासाला बसू लागली आणि मोठी माणसे एकमेकांशी बोलू लागली. सर्वांनी एकाच वेळी थांबावे, हे या उपायाचे मर्म होय. सगळेच थांबले, की मागे राहण्याची भीती कोणालाच उरत नाही.

नाशिकसारख्या मोठ्या नगरात सर्वांसाठी एक भोंगा वाजणे अवघड आहे. परंतु एका घरातील चार माणसांना किंवा एका वर्गातील मित्रांना अशी वेळ ठरविता येईल. तेवढ्या वेळात गोदाकाठी फेरी मारावी, १८४० साली स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयातून आणलेले पुस्तक उघडावे, किंवा आजीशेजारी नुसते बसावे. विहिरीचे पाणी सतत उपसले, तर तळ दिसू लागतो. काही काळ उपसा थांबविला, की झऱ्यांनी ती पुन्हा भरते. मनाचेही तसेच आहे.