शब्दकोशातील शेजारी

इंग्रजी शब्दकोशात शब्द शेजारी बसतात ते अक्षरांच्या क्रमाने. अर्थाच्या नात्याचा तेथे संबंध नसतो. मुलांची फसगत होते ती नेमकी येथेच. स्पेलिंग सारखे दिसले की अर्थही सारखाच असावा, असे ती गृहीत धरतात. ‘अनायलेट’, ‘ॲनिव्हर्सरी’, ‘ॲन्युअल’ आणि ‘अनल’ हे चार शब्द कोशात अगदी जवळजवळ आढळतात. चारहींच्या आरंभी ‘ए’ आणि त्यामागे दोन ‘एन’ आहेत. तथापि त्यांची घराणी दोन आहेत.

लॅटिनमध्ये ‘अन्नुस’ म्हणजे वर्ष. ‘ॲन्युअल’ म्हणजे वार्षिक, आणि ‘ॲनिव्हर्सरी’ म्हणजे वर्षाच्या फेऱ्याने पुन्हा येणारा दिवस, हे त्याच घराण्यातले. येथे दोन ‘एन’ मुळातलेच आहेत. उरलेल्या दोन शब्दांत मात्र एक ‘एन’ संधीने आला आहे. ‘अद्’ या उपसर्गापुढे ‘निहिल’ अथवा ‘नुल्लुम’ आले की ‘द्’चा ‘न्’ होतो. आपल्याकडे ‘जगत्’ आणि ‘नाथ’ मिळून ‘जगन्नाथ’ होतो, तसेच. ‘निहिल’ म्हणजे काहीही नाही, तर ‘नुल्लुम’ म्हणजे एकही नाही. उच्चारात ‘ह’ लोपल्यामुळे ‘अनायलेट’मधील हे ‘निहिल’ कानाला कळत नाही. स्पेलिंगमध्ये ते स्पष्ट दिसते.

मुळे इतकी जवळ असली, तरी या दोन शब्दांची कामे निराळी. ‘अनल’ हा कायद्याचा शब्द. विवाह, करार वा निवडणूक रद्दबातल ठरविणे, एवढाच त्याचा अधिकार. ‘अनायलेट’ करणे म्हणजे काहीही शिल्लक न ठेवणे. लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळासाठी बाबासाहेबांनी लिहिलेले भाषण तेथे होऊ शकले नाही, म्हणून 1936 साली त्यांनी ते स्वतःच छापून प्रसिद्ध केले. त्याच्या शीर्षकात ‘अनायलेशन’ आहे. एखाद्या विद्यार्थ्याने त्याचा अर्थ ‘जात रद्द करणे’ असा लिहिला, तर गुण कापले जातील हे खरेच. परंतु त्याहून मोठी हानी ही की ग्रंथाचा आशयच त्याच्या हातून निसटेल. मराठीत रूढ झालेले ‘निर्मूलन’ मुळाकडे बोट दाखविते, इंग्रजी शब्द शून्याकडे. आम्हांस ‘उच्छेद’ अधिक जवळचा वाटतो. तोही ‘उत्’ आणि ‘छेद’ यांच्या संधीतूनच झालेला आहे.

शिवाय तो पालीतही आहे. मृत्यूनंतर सर्वस्वी विनाश मानणाऱ्या उच्छेदवादाला इंग्रजी भाषांतरकार ‘अनायलेशनिझम’ म्हणतात, आणि तथागतांनी तो मत म्हणून नाकारला. मात्र वैशालीच्या सिंह सेनापतीशी झालेल्या संवादात ते स्वतःविषयी सांगतात, की एका अर्थाने मला उच्छेदवादी म्हणता येईल. कारण राग, द्वेष आणि मोह यांच्या उच्छेदासाठी मी धम्म शिकवितो.