वाचनाची निवड कोणाच्या हातीं?

सकाळीं घरांत एक वर्तमानपत्र यावें आणि घरांतील सर्व माणसांनीं तें पाळीपाळीनें वाचावें, ही रीत आपल्या शहरी कुटुंबांत कित्येक पिढ्या चालत आली. आतां त्याच घरांतील चार माणसें चार मोबाईलांवर चार निरनिराळ्या जगांच्या बातम्या वाचीत बसलेलीं आढळतात. हा पालट घडवून आणण्यास दोन साधनें मुख्यतः कारण झालीं. पहिलें ब्लॉग. ब्लॉग म्हणजे कोणाहि व्यक्तीनें इंटरनेटवर चालविलेली, ताजा मजकूर वर व जुना खालीं अशी मांडलेली लेखनवही होय. दुसरें न्यूज फीड. अनेक ठिकाणचा मजकूर एकत्र करून तो वाचकाच्या डोळ्यांपुढें सतत वाहता ठेवणारा ओघ, असें त्याचें वर्णन करतां येईल. या दोहोंनीं आपलें वाचन आणि आपली चर्चा कशी बदलली, व या बदलांत आपल्या हातून काय निसटत आहे, याचा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम जुन्या व्यवस्थेकडे पाहूं. ६ जानेवारी १८३२ रोजीं बाळशास्त्री जांभेकरांनीं मुंबईस ‘दर्पण’ सुरू केलें. तेव्हांपासून मराठी वर्तमानपत्राच्या मागें एक संपादक उभा राहिला. काय छापावें व काय गाळावें हें तो ठरवी, आणि त्याची जबाबदारीहि त्याच्याच शिरावर असे. पुढें १८४८ ते १८५० या काळांत भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ पत्रांत गोपाळ हरि देशमुखांनीं ‘लोकहितवादी’ या नांवानें आपलीं शतपत्रें लिहिलीं. एकच विषय धरून लिहिलेलें, आटोपशीर, वाचकाशीं थेट बोलणारें आणि वाद ओढवून घेण्यास न भिणारें असें हें लिखाण होतें. ब्लॉगाचा घाट याहून फारसा वेगळा नाहीं. फरक इतकाच, कीं लोकहितवादींना भाऊ महाजनांचें पान लागलें. आजच्या लेखकाला कोणाचेंच पान मागावें लागत नाहीं.

पान मिळणें ही केवढी अडचण असते, हें मराठवाड्याइतकें इतर प्रांतांस क्वचितच ठाऊक असेल. निजामी राजवटींत १९२९ च्या ‘गश्ती निशाण ५३’ या हुकुमानें पूर्वपरवानगीवांचून सभा भरविणेंसुद्धां दुरापास्त झालें होतें. आ. कृ. वाघमारे यांच्या ‘मराठवाडा’ पत्रावर बंदी यावी, त्यांनीं तें दुसऱ्या नांवानें काढावें, त्यावरहि बंदी यावी आणि पुन्हां नवें नांव शोधावें, असा क्रम चालला. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं संस्थान मुक्त झाल्यावर हें पत्र पुढें औरंगाबादेहून निघूं लागलें, आणि अनंत भालेराव यांच्या संपादकत्वाखालीं त्याचें दैनिक झालें. परंतु राज्य बदललें म्हणून सर्वांना पान मिळालें असें नाहीं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९५० मध्यें याच शहरांत महाविद्यालय स्थापन केलें. तेंच आजचें मिलिंद महाविद्यालय. तेथें अध्यापन केलेल्या प्रा. गंगाधर पानतावणे यांना ‘अस्मितादर्श’ हें त्रैमासिक चालवावें लागलें, तें याच उणिवेमुळें. ज्यांच्या लेखणीला प्रतिष्ठित मासिकांत जागा नव्हती, अशा कितीतरी दलित लेखकांचा पहिला मजकूर त्यांत छापला गेला. त्याच्या जोडीला लेखक-वाचक मेळावेहि भरूं लागले. लेखकानें वाचकाला भेटावें आणि आजच्या वाचकांतून उद्यांचा लेखक निपजावा, ही कल्पना ब्लॉगाच्या पुष्कळ आधीं या शहरानें प्रत्यक्षांत आणून दाखविली होती.

ब्लॉगानें हीच सोय हजारों पटींनीं वाढविली. ‘वेबलॉग’ हा शब्द १९९७ च्या डिसेंबरांत जॉर्न बार्गर या अमेरिकन लेखकानें रूढ केला, आणि १९९९ मध्यें ‘ब्लॉगर’ नांवाची सेवा निघाल्यावर यंत्रज्ञान न जाणणाऱ्या माणसालाहि स्वतःचें पान विनामूल्य थाटतां येऊं लागलें. मराठींत मात्र एक खोडा होता. प्रत्येक वर्तमानपत्राचा अक्षरसंच निराळा असल्यामुळें एका संगणकावर टंकिलेला मजकूर दुसऱ्यावर उघडला कीं अर्थहीन चिन्हांची रांग दिसे. युनिकोड पद्धतीनें प्रत्येक अक्षरास सर्व जगांत एकच ठराविक क्रमांक दिला, आणि ती पद्धति घरगुती संगणकांत आल्यावर ही अडचण दूर होऊन मराठी ब्लॉगांची वाट मोकळी झाली.

यांत लाभ काय झाला तें पहा. मुंबई-पुण्याच्या संपादकाला जो विषय स्थानिक आणि क्षुल्लक वाटे, त्यालाहि वाचक मिळूं लागला. आपल्या शहरांतील एखाद्या पडक्या दरवाजावर शाळामास्तरानें छायाचित्रासह चार परिच्छेद लिहावेत, परदेशीं स्थायिक झालेल्या जुन्या रहिवाशानें त्याखालीं आपली आठवण जोडावी, आणि इतिहासाच्या एखाद्या विद्यार्थ्यानें त्यांतील सन दुरुस्त करावा, हें सहज घडूं शकतें. पूर्वी संपादकाला लिहिलेलें पत्र छापून येण्यास आठवडा लागे, आणि तें मूळ लेखापासून दूर दुसऱ्याच अंकांत पडे. आतां लेख आणि त्यावरील चर्चा एकाच पानावर नांदतात. शिवाय लेखकाला आपला आधार दाखवून वाचकाला थेट मूळ ठिकाणीं पोंचवितां येतें. हा गुण लहान नव्हे.

मात्र ब्लॉग हजारों झाले तेव्हां प्रश्न उभा राहिला, कीं रोज इतक्या दारांशीं जाऊन नवें काय आलें हें पहावयाचें कोणीं? त्याचें उत्तर म्हणून फीड निघालें. १९९९ मध्यें नेटस्केप कंपनींतून आरएसएस नांवाची एक साधी मांडणी पुढें आली आणि २००२ पर्यंत तिला स्थिर रूप मिळालें. वाचकानें आपल्याला हवे ते दहा-वीस लेखक व पत्रें एकदां निवडावींत. मग त्यांचा नवा मजकूर काळाच्या क्रमानें आपोआप त्याच्यापुढें येई. त्यांत कोणी कांहीं गाळीत नसे आणि मधेंच कांहीं घुसडीतहि नसे. २००५ मध्यें निघालेल्या गूगल रीडरमुळें ही सोय जगभर लोकप्रिय झाली.

छत्रपती संभाजीनगरच्या रहिवाशांस नहरीचें उदाहरण दिलें तर हें चटकन् ध्यानांत येईल. १६१० मध्यें खडकी वसविणाऱ्या मलिक अंबरानें जमिनीखालून नहर खणून शहरांत पाणी आणलें. नहर ज्या स्रोताशीं जोडावी त्याचेंच पाणी हौदांत येतें. जुन्या फीडचें तसेंच होतें. स्रोत वाचकानें निवडावा आणि पाणी त्याच्या अंगणांत यावें.

तथापि ही व्यवस्था फार काळ टिकली नाहीं. सप्टेंबर २००६ मध्यें फेसबुकानें आपलें न्यूज फीड सुरू केलें, आणि १ जुलै २०१३ रोजीं गूगल रीडर बंद झालें. आरएसएस आजहि चालू आहे. पण सामान्य वाचक त्यापासून दूर गेला आणि कंपन्यांच्या ओघांत येऊन पडला. या नव्या ओघांत मजकुराचा क्रम काळावर ठरत नाहीं, गणितावर ठरतो. आपण कोणत्या मजकुराशीं किती वेळ थांबलों, कशावर उत्तर दिलें, काय दुसऱ्याकडे धाडलें, याची नोंद यंत्र ठेवतें. त्यावरून आपण पुढें कशाशीं थांबूं याचा अदमास घेऊन तें मजकूर वरखालीं लावतें. वाचकानें अधिक काळ तेथें रहावें, म्हणजे अधिक जाहिराती त्याच्या दृष्टीस पडाव्यात, हा त्यांतील व्यवहार आहे. आतां नहर आपल्या अंगणांत येते खरी, पण तिचा स्रोत आणि तिचें झांकण दुसऱ्याच्या हातीं असतें.

संपादकहि निवडच करीत असे, मग बिघडलें कोठें, असें कोणी विचारील. हा आक्षेप टाळतां येण्यासारखा नाहीं, आणि त्याची कसोटी याच शहरांत पाहतां येते. २७ जुलै १९७८ रोजीं विधिमंडळानें मराठवाडा विद्यापीठास डॉ. आंबेडकरांचें नांव देण्याचा ठराव केला, आणि त्यानंतर मराठवाड्यांत दलित वस्त्यांवर हल्ले व जाळपोळ झाली. त्या वादांत ‘मराठवाडा’ दैनिकानें नामांतराच्या विरोधाची बाजू घेतली. हा प्रश्न १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारानें मिटला. म्हणजे संपादक असला कीं न्याय होतोच, असें म्हणण्यास आधार नाहीं. तथापि त्या दैनिकाची भूमिका काय होती, हें आज आपण निश्चयानें सांगूं शकतों. कारण ती नांवानिशीं व तारखेनिशीं छापलेली होती, शहरांतील प्रत्येक वाचकाला सारखीच दिसत होती, आणि म्हणून तिचा प्रतिवादहि करतां येत होता. छापील अंक ग्रंथालयांत राहतो, आणि पन्नास वर्षांनींहि त्याला जाब विचारतां येतो. उलट काल रात्रीं आपल्या शेजाऱ्याच्या मोबाईलवर यंत्रानें काय वर आणलें आणि काय दडविलें, हें आज आपल्याला कळत नाहीं, आणि उद्यां खुद्द शेजाऱ्यालाहि तें पुन्हां सांपडणार नाहीं. ज्याची साक्ष उरत नाहीं, त्याला जाब कोण विचारणार?

चर्चेवर याचा परिणाम उघड आहे. चर्चा व्हावयास दोघांनीं निदान एकच लेख वाचलेला असावा लागतो. आपल्या शहराच्या नांवाचाच प्रश्न घ्या. नामांतराची बाजू धरणारा आणि त्यास विरोध करणारा असे दोन शेजारी एकाच गल्लींत राहतात. पण प्रत्येकाच्या ओघांत स्वतःच्या पक्षाचीं उत्तम विधानें आणि दुसऱ्या पक्षाचीं हीनांत हीन विधानें जर वर येत असतील, तर दुसऱ्या बाजूचा समंजस माणूस कसा बोलतो हें दोघांनाहि कधीं कळावयाचें नाहीं. राग आला कीं मनुष्य चटकन् उत्तर देतो, आणि उत्तर दिलें कीं यंत्र तो विषय अधिकच वर आणतें. २०१८ मध्यें ‘सायन्स’ नियतकालिकांत तीन संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ट्विटरवरील २००६ ते २०१७ पर्यंतच्या सुमारें १,२६,००० बातम्यांचा प्रवास तपासून त्यांनीं दाखविलें, कीं खोट्या बातम्या खऱ्यांपेक्षां अधिक दूर आणि अधिक वेगानें पसरतात, व लोकांनीं त्या पुढें धाडण्याचा संभव सुमारें ७० टक्क्यांनीं जास्त असतो. खोटी बातमी बहुधा नवलाची असते, आणि नवल सांगण्याची हौस माणसास उपजतच आहे.

या हौसेची किंमत महाराष्ट्रानें मोजली आहे. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा या गांवीं नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पांच भिक्षेकऱ्यांना जमावानें ठार मारलें. मुलें पळविणारी टोळी आली आहे, अशी अफवा त्या वेळीं मोबाईलांवरून सर्वत्र फिरत होती. त्या अफवेला ना लेखक होता, ना तारीख, ना पत्ता. ती ज्यानें ज्यानें पुढें धाडली, त्या प्रत्येकाला आपण शेजाऱ्यांस सावध करीत आहों असेंच वाटलें असेल. त्याच महिन्यांत व्हॉट्सॲपनें भारतांत एक निरोप एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं धाडण्यास आळा घातला. त्याच वर्षीं मे महिन्यांत आपल्या शहरांत दंगल उसळली तेव्हां इंटरनेट बंद ठेवण्याची पाळी आली होती. अफवा थोपविण्यासाठीं सरकारनें सबंध शहराचें वाचन-लेखन थांबवावें, हा उपाय कोणाहि सुशिक्षित नागरिकास भूषणावह वाटणार नाहीं. आपला विवेक आपण वापरला नाहीं, म्हणजे तो वापरण्याचा अधिकार दुसरा कोणीतरी घेतो.

मग करावें काय? मोबाईल फेंकून द्यावा असें कोणी सांगणार नाहीं. तें शक्य नाहीं आणि इष्टहि नाहीं. परंतु घराघरांत चारदोन नियम सहज पाळतां येतील. पहिला, आपले स्रोत आपण निवडावेत. विश्वासास पात्र असे पांच-सहा लेखक आणि दोन-तीन पत्रें ठरवून त्यांच्या पानावर स्वतः जावें, अथवा आरएसएसची जुनी सोय पुन्हां वापरावी. दुसरा, ज्या मजकुरावर लेखकाचें नांव, तारीख आणि मूळ ठिकाण नाहीं, तो पुढें धाडूं नये. मग तो आपल्याच बाजूचा कां असेना. तिसरा, मथळा वाचून मत देऊं नये. लेख शेवटपर्यंत वाचावा आणि मगच त्याखालीं आपलें म्हणणें स्वतःच्या नांवानें लिहावें. चौथा नियम कुटुंबाचा आहे. आठवड्यांतून एकदां घरांतील सर्वांनीं एकच लेख वाचावा आणि जेवतांना त्यावर बोलावें. चारजणांनीं एकच मजकूर वाचून चार मतें मांडलीं म्हणजे चर्चा होते.

लिहिण्याचा अधिकार मिळविण्यासाठीं या प्रांतांतील माणसांनीं तुरुंग पाहिला, बंदी सोसली आणि पदरमोड करून मासिकें चालविलीं. तो अधिकार आज प्रत्येकाच्या खिशांत येऊन पडला आहे. त्याच्या जोडीचा दुसरा अधिकार, म्हणजे काय वाचावें हें ठरविण्याचा, मात्र आपण कोणी न मागतां सोडून देत आहों. तो परत घेण्यास कायदा लागत नाहीं आणि पैसाहि लागत नाहीं. दररोज थोडा विचार करून निवड करण्याची संवय लागते.