'निकस' म्हणजे नेमके काय?



खोडव्याचे टनेज घटले की आपण पटकन म्हणतो, "रान निकस झालंय." शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे. पण तो चुकीच्या जागी वापरला, तर खिशाला चाट बसते.

'कस' हा शब्द सोन्याच्या पारखीतला. संस्कृत 'कष' म्हणजे घासणे. सोने कसोटीवर घासून, उमटलेल्या रेघेवरून त्याचा अस्सलपणा ठरवायचा. पुढे 'कस' म्हणजे अंगचे सत्त्व, असा अर्थ रूढ झाला. सत्त्व असलेले ते सकस, गेलेले ते निकस. धान्य, वैरण, जमीन यांना हा शब्द लागतो. माणसाला आपण निकस म्हणत नाही, माणूस खंगतो. 'निकष' हा शब्द मात्र वेगळा. त्याचा अर्थ कसोटी.

आता रानाकडे वळू. जमीन निकस होते ती तिच्यातला सेंद्रिय अंश घटल्यामुळे. वर्षानुवर्षे पाचट पेटवायचे, शेणखत टाकायचे नाही आणि नुसत्या युरियावर ऊस काढायचा, मग कस राहील कुठून? माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब ०.४० टक्क्यांच्या आत आला, तर तो कमी समजतात.

पण प्रत्येक अशक्त रान निकस नसते. वाळल्यावर पांढरी खपली येते ते खारवट. ओले असता चिकट, वाळल्यावर दगडासारखे आणि पाणी मुरू न देणारे ते चोपण. दुखणी वेगळी, तशी औषधेही वेगळी. खारवट रानाला चर काढून निचरा हवा. चोपणला निचऱ्याबरोबर परीक्षणानुसार जिप्सम लागते. निकस रानाला हवे शेणखत, ताग-धैंचाचे हिरवळीचे खत आणि कुजवलेले पाचट. एकरी ३ ते ४ टन पाचट आपल्याच फडात पडते, ते काडी लावून घालवू नका. नुसत्या निकस रानात जिप्समची पोती ओतली, तर पैसे गेले आणि कसही आला नाही!

काही रानांत दोन-दोन दुखणी एकत्र असतात. ती नुसत्या डोळ्यांनी कळत नाहीत. तेव्हा लागणीआधी मातीचा नमुना काढा. नागमोडी चालत ठिकठिकाणची माती घ्या. बांधाकडेची आणि उकिरड्याखालची नको. आधी दुखण्याचे नाव नक्की करा, मगच औषधाला पैसे घाला.