गाजर, तेल आणि उष्ण हवा

'एअर फ्रायर' या नावावरून हवेत पदार्थ तळणारे यंत्र असा बोध होतो. परंतु तळणे ही क्रिया त्यात घडतच नाही. फिलिप्स या डच कंपनीने २०१० साली हे उपकरण बाजारात आणले. वस्तुतः ती एक लहानशी भट्टी होय. तिच्या वरच्या भागात तापणारी तार व वेगाने फिरणारा पंखा असतो आणि खाली जाळीची टोपली असते.

स्थिर हवा ही उष्णतेची मंद वाहक आहे. भाजल्या जाणाऱ्या प्रत्येक तुकड्याभोवती दमट व तुलनेने थंड हवेचे वेष्टन तयार होते. पंख्याचा झोत ते सतत दूर सारतो, त्यामुळे पृष्ठभाग लवकर कोरडा पडतो. गाजरात सुमारे ८८ टक्के पाणी असते. पृष्ठभाग ओला असेतोवर त्याचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या फारसे वर जात नाही. तो कोरडा झाला आणि तापमान १४० अंशांच्या आसपास पोहोचले, की शर्करा व अ‍ॅमिनो आम्ले यांची प्रक्रिया वेगाने होऊन खरपूस रंग व वास येतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय मायार यांनी १९१२ साली या प्रक्रियेचे वर्णन केले. उकडलेल्या गाजराला हा स्वाद कधीच का येत नाही, याचे उत्तर यात आहे.

म्हणून तोंडी लावण्यासाठी गाजरे करताना ती धुऊन नीट पुसावीत, बोटाएवढ्या जाडीचे तुकडे करावेत आणि ते एकाच थरात पसरावेत. टोपली काठोकाठ भरली तर वाफ कोंडते. मग गाजरे भाजली न जाता उकडतात, आणि दोष मात्र यंत्राला दिला जातो! १८० अंशांवर पंधरा मिनिटे बहुधा पुरतात. मध्ये एकदा टोपली हलवावी. मिठाने पाणी सुटते, म्हणून ते शेवटी घालावे.

आता तेलाविषयी. 'तेलाविना' हे या उपकरणाचे मोठे आकर्षण; पण गाजराच्या बाबतीत ते अंगलट येणारे आहे. गाजराचा केशरी रंग कॅरोटिनचा. वाकेनरोडर या जर्मन शास्त्रज्ञाने १८३१ साली ते गाजरातून वेगळे काढले. शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व बनवते. या जीवनसत्त्वाच्या अभावी रातांधळेपणा येतो व लहान मुलांची दृष्टीही जाते. त्याच्या मात्रा बालकांना देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम भारतात १९७० साली सुरू करावा लागला. कॅरोटिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थांत विरघळते. उष्णतेने पेशींच्या भित्ती मऊ होऊन ते मोकळे होते खरे. तथापि आतड्यात त्याचे नीट शोषण होण्यास स्निग्धांशाची सोबत लागते.

उत्तर भारतात हिवाळ्यात येणाऱ्या लाल गाजरांचा रंग मुख्यतः लायकोपिनचा असतो व त्यापासून अ जीवनसत्त्व बनत नाही. मात्र त्यांतही काही कॅरोटिन असते. काळ्या गाजराचे रंगद्रव्य तर पाण्यात विरघळणारे, म्हणून त्याची कांजी जांभळी होते. तेव्हा नुसत्या गडद रंगावर भिस्त ठेवू नये.

अर्धा किलो गाजरांना दोन लहान चमचे तेल चोळले तरी पुरे. तळणासाठी लागणाऱ्या कढईभर तेलापुढे ते नगण्यच. तेही नको असेल, तर त्याच जेवणातल्या वरणावर तूप घ्यावे, किंवा पानात शेंगदाण्याची चटणी असावी.