मध्यमस्तिष्क झोपलेले नसते

"सर, पोराला मिडब्रेनच्या क्लासला घालू का?" पालकसभेनंतर हा प्रश्न येतो. २०१० नंतरच्या दशकात महाराष्ट्रातील अनेक शहरांत 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'चे वर्ग निघाले. हजारो रुपये शुल्क, थोड्या दिवसांचे शिबिर आणि शेवटी प्रात्यक्षिक : डोळ्यांवर पट्टी बांधलेले मूल रंग ओळखते, पुस्तक वाचते. कारण काय, तर सुप्त मध्यमस्तिष्क जागे झाले!

मध्यमस्तिष्क हा मेंदूस्तंभाचा वरचा, जेमतेम दोन सेंटिमीटर लांबीचा भाग. डोळ्यांची हालचाल, आवाजाकडे वळणे, जागेपण यांत त्याचा मोठा वाटा. त्यातील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट होत गेल्या की कंपवात जडतो. तेव्हा ते खरोखर झोपलेले असते, तर मूल शिबिरापर्यंत चालत गेलेच नसते. याची साक्ष वर्गातच काढता येते. विद्यार्थ्याला अर्धा मिनिट डोळे मिटून तळहातांनी झाकायला सांगा आणि मग खिडकीकडे तोंड करून उघडायला लावा. (टॉर्च नको, सूर्याकडे तर नाहीच, नागपूरचा उजेड पुरेसा आहे.) बाहुली आकसताना दिसते. बाहुलीला हा आदेश मध्यमस्तिष्कातूनच जातो.

'आपण दहा टक्केच मेंदू वापरतो' ही याच दुकानातली दुसरी पुडी. शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असलेला मेंदू विश्रांतीतही सुमारे २० टक्के ऊर्जा खर्च करतो. निकामी अवयवावर शरीर एवढा खर्च कशाला करील?

मग पट्टीआडचे वाचन? नाकाच्या दोन्ही बाजूंना पट्टी नीट बसत नाही. त्या फटीतून खालचे दिसते. म्हणून मूल पुस्तक छातीजवळ धरते, मान किंचित मागे नेते. पुस्तक कपाळासमोर धरा किंवा हनुवटीखाली पुठ्ठा आडवा लावा, वाचन थांबते. मंगळूरचे नरेंद्र नायक यांनी अशा चाचण्या घेऊन हा दावा उघडा पाडला. नागपुरात मुख्यालय असलेल्या अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीचेही चमत्काराच्या दावेदारांना जुने जाहीर आव्हान आहे.

मात्र चारचौघांत मुलाची अशी परीक्षा घेऊ नये, असे मला वाटते. टाळ्या पडल्या, आईवडील सुखावले, की 'मला फटीतून दिसते' हे सांगणे त्याला जड जाते. पट्टी पालकांच्याच डोळ्यांवर बांधा आणि हाती वर्तमानपत्र द्या. फट त्यांची त्यांनाच सापडेल.