विश्लेषण : रेणूंची ‘शटल सेवा’ कशी धावते? प्रकाशाने थेंब चढावर कसा सरकला?

अमन लॉज ते माथेरान या दोन थांब्यांदरम्यान धावणारी शटल अनेकांच्या परिचयाची आहे. रसायनशास्त्रज्ञांनी अशीच शटल एका रेणूत बसवली आहे. तिला इंजिन नाही, चालकही नाही. तरी प्रकाश पडला की ती थांबा बदलते. अशा शटलच्या बळावर २००५ मध्ये द्रवाचा थेंब चक्क चढावर सरकला. हे कसे शक्य झाले?

रोटॅक्सेन म्हणजे काय?

व्यायामाच्या डंबेलच्या दांड्यात एक कडे अडकवले आहे, अशी कल्पना करा. कडे दांड्यावर मागेपुढे सरकेल, पण टोकांच्या गोळ्यांमुळे बाहेर पडणार नाही. अशा रचनेच्या रेणूला रोटॅक्सेन म्हणतात. फ्रेझर स्टोडार्ट यांच्या गटाने १९९१ मध्ये दांड्यावर दोन थांबे ठेवून पहिली शटल तयार केली. स्टोडार्ट यांना २०१६ मध्ये ज्याँ-पिएर सोवाज आणि बेन फेरिंगा यांच्यासह रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

हायड्रोजन बंधांची भूमिका काय?

डीएनएचे दोन धागे एकत्र राहतात ते हायड्रोजन बंधांमुळे. हा बंध कडे धरून ठेवण्याइतका घट्ट आणि वेळ आली की सोडण्याइतका सैल असतो. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ डेव्हिड ली यांच्या गटाने याच गुणाचा उपयोग केला. त्यांच्या रोटॅक्सेनमध्ये कड्यावर आणि थांब्यावर अमाइड गट असतात. प्रथिने आणि नायलॉन यांतही हेच गट आढळतात.

प्रकाश कड्याला ढकलतो का?

नाही. उष्णतेमुळे रेणू सतत धडपडत असतात, त्यामुळे कडे हलतच असते. जिथे पकड मजबूत, तिथे ते जास्त वेळ थांबते. प्रकाश फक्त पकड बदलतो. अतिनील किरणांनी ‘फ्युमारामाइड’ थांब्याचा आकार वळतो, कड्याशी त्याचे जुळेनासे होते आणि कडे दुसरा थांबा गाठते. २००१ मधील एका प्रयोगात लेसरच्या झोताने दुसऱ्या थांब्याला जादा इलेक्ट्रॉन मिळवून दिला. कडे सुमारे एका मायक्रोसेकंदात तिथे पोहोचले आणि इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर, सुमारे १०० मायक्रोसेकंदांत, परतले.

थेंब चढला कसा?

२००५ च्या प्रयोगात पृष्ठभागावर अशा शटलचा थर दिला होता. दुसऱ्या थांब्यावर फ्लोरिन होते. नॉनस्टिक तव्याप्रमाणे फ्लोरिन द्रवाला चिकटू देत नाही. अतिनील किरण पडताच कडी सरकली आणि फ्लोरिन झाकले गेले. थेंबाच्या एकाच बाजूला प्रकाश टाकल्याने ती बाजू जास्त ओली होऊ लागली आणि थेंब तिकडे ओढला गेला. १२ अंशांच्या उतारावर तो वरच्या दिशेने सरकला, पण अंतर जेमतेम मिलिमीटरभर.

अडचण कुठे आहे?

पाणी स्वतःच हायड्रोजन बंध तयार करते. त्यामुळे पाण्यात कड्याची पकड सुटते आणि शरीरात अशा शटल वापरणे अवघड होते. वेगाचाही प्रश्न आहे. ली यांच्या गटाने २०१३ मध्ये दांड्यावरची अमिनो आम्ले क्रमाने उचलून जोडणारे रोटॅक्सेन यंत्र तयार केले. पेशीतील रायबोसोम सेकंदाला १५ ते २० अमिनो आम्ले जोडू शकतो, तर या यंत्राला एका जोडणीसाठी तासन्‌तास लागतात. शटल धावते हे सिद्ध झाले आहे. तिच्यातून उपयोगी माल वाहून नेणे अजून बाकी आहे.