वाळूत लॉन? नको रे बाबा!

अलिबाग आता लांब राहिलेलं नाही. २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली, २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू खुला झाला आणि ‘सेकंड होम’ हा शब्द लोकलच्या डब्यातही ऐकू यायला लागला. कुणी बंगला बांधतं, कुणी चार मित्रांत मिळून पाच-सहा गुंठे घेतं. आर्किटेक्ट वेगळा, बजेट वेगळं, पण एका बाबतीत सगळ्यांचं एकमत असतं. समोर हिरवंगार लॉन हवंच! त्यावर दोन बीन बॅग, संध्याकाळी फेअरी लाइट्स, सोमवारी फोटो अपलोड.

आता मला सांगा, आक्षी-नागाव-रेवदंड्याच्या पट्ट्यात एखाद्या जुन्या घरासमोर लॉन पाहिलंय तुम्ही? अंगण असतं, तुळस असते, मागे वाडी असते. लॉन नसतं. इथल्या लोकांना हिरवळ आवडत नाही असं थोडंच आहे? त्यांना पायाखाली काय आहे ते माहीत होतं. वाळू!

वाळूचा फंडा साधा आहे. कण मोठे, त्यामुळे त्यांच्यातल्या फटीही मोठ्या. पाणी ओतलं की सरळ खाली. चिकणमाती पाणी धरून ठेवते, वाळू ते जाऊ देते, आणि पाण्याबरोबर घातलेलं खतही. इथे वर्षाला साधारण दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. उरलेले आठ महिने कोरडे. म्हणजे चार महिने चेरापुंजी आणि आठ महिने जैसलमेर, एकाच अंगणात.

माझ्या आतेभावाची गोष्ट सांगते. दादा आणि वहिनी दोघंही आयटीत, राहायला पुण्यात. नागावच्या बाजूला आत्याच्या वाडीला लागून असलेल्या आठ गुंठ्यांत त्यांनी दोन खोल्यांचं छोटं घर बांधलं. बागेसाठी एक लँडस्केपवाले आले. लॅपटॉपवर थ्रीडी चित्र दाखवलं, एकदम रिसॉर्ट! तीन गुंठे लॉन, कडेने पाम, आणि वाळूवर पसरायला लाल मातीचे डंपर. वहिनी खूश. दादाही खूश. आत्या ओट्यावर बसून शेंगा सोलत होती, तिने फक्त एवढंच विचारलं, “पाणी कुठलं?”

मग मी आणि दादाने मोबाइलवर हिशेब मांडला. तुम्हीही मांडून बघा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. उन्हाळ्यात लॉनला रोज साधारण पाच मिलिमीटर लागतं. एक गुंठा म्हणजे शंभर चौरस मीटर आणि थोडं वर. तीन गुंठ्यांना रोजचे दीड हजार लिटर! ऑक्टोबर ते मे धरा, २४० दिवस. थंडीत थोडं कमी लागेल, पण वाळूत झिरपून वाया जाणारं त्यात धरलेलंच नाही. साडेतीन लाख लिटर. दहा हजारवाल्या टँकरने मोजायचं तर पस्तीस टँकर, तेही ज्या घरात माणसं महिन्यातून चार दिवस राहणार तिथल्या गवतासाठी.

“टँकर कशाला, बोअर मारू की,” दादा म्हणाला.

इथे खरी गंमत आहे. म्हणजे गंमत नाहीच.

आत्याची विहीर

किनाऱ्याजवळच्या विहिरीत गोडं पाणी असतं ते कसं? पावसाचं पाणी वाळूतून खाली झिरपतं आणि समुद्राच्या बाजूने आत आलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, कारण ते हलकं असतं. ताकावर लोणी राहावं तसं. शास्त्रज्ञांचा एक जुना ठोकताळा आहे: गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या जितकी वर, त्याच्या साधारण चाळीसपट खोलीपर्यंत खाली गोडं पाणी. ऐकायला छान वाटतं, पण तोच हिशेब उलटा लावून बघा. वरची पातळी एक फूट उतरली तर खालचं खारं पाणी चाळीस फूट वर सरकू शकतं. प्रत्यक्षात आपल्याकडे वाळूखाली काळा कातळ लागतो आणि आकडे बदलतात. दिशा मात्र तीच राहते. जास्त उपसा केलात की खारं पाणी आत येतं, आणि एकदा आलं की लवकर जात नाही.

आत्याच्या विहिरीवर पूर्वी रहाट होता. तो गेला, पंप आला. गेली काही वर्षं मे महिन्यात तिचं पाणी मचूळ लागतं. डाळ शिजत नाही. चहा करायचा तर बाटलीचं पाणी. आजूबाजूला बंगले झाले, बोअर झाल्या हे खरंच, पण सगळं खापर त्यांच्यावर फोडता येणार नाही, वाडीचे पंपही चालतातच की. प्रश्न एवढाच होता, की त्याच वाळूत, कुंपणापासून वीस पावलांवर, आणखी एक बोअर मारून ते पाणी गवताला घालायचं का? सुपारीची झाडं खारं पाणी सोसत नाहीत, आणि आत्याचं घर त्या सुपारीवर चालतं.

आत्याने भांडण केलं नाही. ती म्हणाली, “लाव बाबा लॉन. फक्त मे महिन्यात माझ्याकडे चहाला येऊ नकोस.”

दादाने आठवडाभर विचार केला. लँडस्केपवाल्यांना नाही म्हणायची वेळ आली तेव्हा फोन वहिनीलाच करावा लागला, आणि ती त्यावर बरेच दिवस रुसली होती. (स्वाभाविक आहे. थ्रीडी चित्र खरंच सुंदर होतं.) बरं, तुमचा प्लॉट भरतीरेषेच्या अगदी जवळ असेल तर हा प्रश्न घरगुती राहत नाही. सीआरझेडच्या नियमांत तिथल्या भूजल उपशावर निर्बंध आहेत आणि वाळूच्या जिवंत टेकड्या सपाट करायला मनाई आहे. बागेचं कॉन्ट्रॅक्ट सही करण्याआधी हे विचारून घ्या.

झीरो नाही, झेरी!

कमी पाण्याच्या बागेला इंग्रजीत एक शब्द आहे, झेरिस्केप. १९८१ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हर शहराच्या पाणीपुरवठा विभागात तो तयार झाला. ‘झेरोस’ म्हणजे ग्रीकमध्ये कोरडं. लोक त्याला हमखास ‘झीरोस्केप’ म्हणतात आणि मग दगड, खडी आणि मधोमध एक बिचारं निवडुंग असं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. तसं अजिबात नसतं. इंग्लंडमध्ये बेथ चॅटो नावाच्या बाईंनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला एसेक्समधल्या आपल्या नर्सरीच्या जुन्या कारपार्कवर, निव्वळ वाळू-खडीच्या जमिनीत बाग केली आणि तिला पाणी घालायचंच नाही असं ठरवलं. तिथे वर्षाला जेमतेम वीस इंच पाऊस. २०१८ मध्ये त्या गेल्या, बाग अजून आहे आणि लोक तिकीट काढून बघायला जातात.

पण त्यांची झाडांची यादी उचलून अलिबागला लावू नका, प्लीज. पिंटरेस्टवर दिसणारं लॅव्हेंडर आणि गोंडस सक्युलंट आपल्याकडे मे महिन्यात मरत नाहीत, जुलैत मरतात. कुजतात! आपल्याला हवीत दोन्ही टोकं सोसणारी झाडं, आणि ती किनाऱ्यावर आधीपासून उभी आहेत.

पहिली मर्यादवेल. बीचवर चालताना पायात अडकते ती, आपट्यासारख्या जोडपानांची, जांभळट-गुलाबी फुलांची. खारा वारा, तापलेली वाळू, तिला काहीच वाटत नाही, आणि ती वाळू धरून ठेवते. दादाच्या घराच्या समुद्राकडच्या उतारावर आता तीच आहे. पेरं असलेले चार-सहा तुकडे पावसाच्या सुरुवातीला वाळूत खोचले तरी रुजतात. बीचवरची अख्खी वेल मात्र उपटून आणू नका, तिथे ती कामावर आहे.

वाऱ्याच्या बाजूला उंडी. जाड चकचकीत पानं, पांढरी सुगंधी फुलं, वर्षभर हिरवी. हिच्या बियांचं तेल पूर्वी दिव्यात जाळायचे. वाढते हळू, म्हणून फॅशनेबल नर्सऱ्यांत बहुधा मिळत नाही; सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत विचारा. लोक घाईघाईत सुरू लावतात, कारण तो झपाट्याने उंच होतो. पण त्याच्या काड्यांच्या गादीखाली दुसरं काही धड वाढत नाही, आणि ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं तेव्हा किनाऱ्यावरचे किती सुरू आडवे झाले ते इथल्या कुणालाही विचारा. माझं मत विचाराल तर घराजवळ सुरू नकोच.

चाफा आणि बोगनवेल ही जोडी वहिनीने निवडली आणि तिथेच तिचा रुसवा गेला. चाफा फांदीतच पाणी साठवतो, पानं गाळून टाकतो आणि ऐन उन्हाळ्यात फुलतो. त्याची फांदी तोडल्यावर आठवडाभर सावलीत ठेवायची, चीक सुकला की मगच लावायची, नाहीतर कुजते. बोगनवेलीला लाड नको. पाणी वाढलं की नुसती पानं, ताण दिला की रंगच रंग. कुंपणाला निर्गुंडी, पायवाटेच्या कडेला सदाफुली आणि कोरफड. कण्हेरही या जमिनीत मस्त येते, पण ती विषारी असते, घरात लहान मूल किंवा पानं चघळणारा कुत्रा असेल तर नाव काढू नका.

आणि ‘ऑफिस टाइम’! चिनीगुलाबाला आपल्याकडे हे नाव का पडलं ते ठाऊक आहे ना? सकाळी दहाच्या सुमाराला उघडतो, दुपारनंतर मिटतो. हाफ डे घेणारं फूल. वाळूत, भर उन्हात, रंगांची चादर पसरतो.

लॉनचं काय झालं? गेलं नाही, आकसलं. ओट्यासमोर सतरंजीएवढी हरळी ठेवलीय, आपली नेहमीची दूर्वा. एप्रिलमध्ये ती पिवळी पडते. पडू दे. पहिल्या सरीला परत येते.

आता वाळूशी कसं वागायचं ते. लाल मातीचे डंपर दादाने रद्द केले ते बरं झालं. वाळूवर मातीचा थर पसरला की मुळं वरच्या वर घुटमळतात, खाली जातच नाहीत, आणि कोकणातला पाऊस तो थर धुऊन नेतो तो वेगळाच. त्यापेक्षा प्रत्येक झाडाला मोठा खड्डा करायचा. तळाशी नारळाची सोडणं, खोलगट बाजू वर करून, म्हणजे ती वाटीसारखं पाणी धरतात. मग वाळूत कुजलेलं शेणखत नीट कालवून खड्डा भरायचा. वरून झावळ्या आणि पालापाचोळा तीन-चार इंच, फक्त खोडाला चिकटू द्यायचा नाही. वाडीवाल्यांना हे नवीन नाही. न्हाणीचं पाणी केळीला आणि अळवाला, तहानलेली झाडं मोरीच्या मागे, बाकीची लांब, ही वाटणी आत्याच्या सासूबाईंच्या काळापासून आहे. डेन्व्हरवाले यालाच ‘झोनिंग’ म्हणतात.

तुम्ही वीकेंडलाच येणार असाल तर ठिबकवर डोळे झाकून भरवसा ठेवू नका. वाळूत थेंब बाजूला पसरत नाही, सरळ खाली उतरतो, त्यामुळे एका झाडाला एक नळी पुरत नाही. दोन-तीन तोट्या गोलाकार आणि पाणी थोडं थोडं, अनेकदा. किंवा सरळ मडकं पुरा! न भाजलेलं नव्हे हं, साधं पाणी झिरपणारं मातीचं मडकं, गळ्यापर्यंत झाडाशेजारी. रविवारी निघताना भरायचं, वर झाकण. पाणी हळूहळू मुळांपाशी झिरपत राहतं. दादाकडे अशी अकरा मडकी आहेत आणि ती भरणं हा पुतण्याचा फेव्हरिट खेळ आहे. दुष्काळ सोसणारं झाडसुद्धा पहिल्या दिवसापासून सोसत नाही, पहिले दोन उन्हाळे त्याला असं सांभाळावंच लागतं.

शेवटचा हिशेब छपराचा. शंभर चौरस मीटरचं छप्पर आणि दोन मीटर पाऊस म्हणजे दोन लाख लिटर. दादाने पन्हळीचा पाइप गाळणीतून आत्याच्या विहिरीशेजारच्या शोषखड्ड्यात सोडलाय. त्याने मे महिन्यातला मचूळपणा गेला का? नाही. या मे महिन्यात डाळ शिजायला त्रास झालाच. पण पाणी बिघडलं ते गेल्या वर्षीपेक्षा दोन आठवडे उशिरा, असं आत्या म्हणते. एका वर्षावरून काही सिद्ध होत नाही, त्या वर्षी पाऊसही चांगला झाला होता. ती मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेला गोल करून ठेवते.

लावायची योग्य वेळ जूनचा पहिला पंधरवडा, जमीन एकदा नीट भिजली की लगेच. पावसाळ्यात बोटीचं वेळापत्रक बदलतं आणि हवा बिघडली की फेऱ्या रद्द होतात, त्यामुळे रोपं गाडीत टाकून रस्त्याने जाणंच बरं. रजा आत्ताच टाकून ठेवा.